कॅनडाची राष्ट्रीय महिला कर्लिंग स्पर्धा: इंदूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या मराठी घरांत आता ब्रॅम्प्टन, कॅलगरी, रेजायना ही नावं नाशिक-नागपूरइतकी सहज निघतात. कुणाची लेक तिकडे, कुणाचा भाचा तिकडे. फेब्रुवारी आला की फोनवर ‘स्कॉटीज’चा विषय येतो, कुणीतरी एखादी चित्रफीत पाठवतं, आणि मग प्रश्न सुरू होतात. गेली काही वर्षं असे प्रश्न माझ्याकडे येतात, कारण आमच्या ओळखीत ही स्पर्धा नेमाने बघणारी मीच. जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते इथे उत्तरांसह दिले आहेत. सुरुवातीला अगदी प्राथमिक, पुढे नियमांतल्या खाचाखोचा.

त्याआधी एक सांगते. कर्लिंगचा सामना लावल्यावर गुण मागाहून बघा, आधी या एंडचा, म्हणजे चालू फेरीचा, शेवटचा दगड कुणाकडे आहे ते बघा. तेवढं कळलं की बाकीचा खेळ आपोआप उलगडत जातो.

१. ही स्पर्धा नेमकी कसली? ‘स्कॉटीज’ म्हणजे काय?

कॅनडाच्या महिलांची राष्ट्रीय कर्लिंग अजिंक्यपद स्पर्धा. पूर्ण नाव ‘स्कॉटीज टूर्नामेंट ऑफ हार्ट्स’. स्कॉटीज हा तिकडचा टिश्यू पेपरचा ब्रँड आणि तोच प्रायोजक. १९८२ पासून ‘स्कॉट’ आणि २००७ पासून ‘स्कॉटीज’ या नावाने ही स्पर्धा ओळखली जाते. स्पर्धा मात्र त्याहून जुनी. पहिली १९६१ मध्ये ओटावाला झाली आणि सस्कॅचेवानच्या जॉयस मॅकी यांच्या संघाने ती जिंकली. पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा, ब्रायर, १९२७ पासून सुरू होती. म्हणजे बायकांना ३४ वर्षं वाट बघावी लागली. त्या आधी त्या खेळत नव्हत्या असं नाही. गावोगावच्या क्लबांत खेळतच होत्या, फक्त देशपातळीवरची स्पर्धा त्यांच्यासाठी नव्हती.

दरवर्षी शहर बदलतं. २०२४ मध्ये कॅलगरी, २०२५ मध्ये थंडर बे. जिंकणारा संघ त्याच वर्षी जागतिक स्पर्धेत कॅनडाकडून खेळतो.

२. मी हा खेळ कधीच पाहिलेला नाही. थोडक्यात सांगाल?

बर्फाची साधारण ४५ मीटर लांब आणि जास्तीत जास्त ५ मीटर रुंद पट्टी. दोन्ही टोकांना बर्फाखाली रंगवलेली वर्तुळं, त्यांना ‘हाऊस’ म्हणतात. सगळ्यात बाहेरच्या वर्तुळाचा व्यास १२ फूट, मधल्या छोट्या ठिपक्याला ‘बटन’ म्हणतात. एका टोकाकडून गुळगुळीत दगड घसरवत दुसऱ्या टोकाच्या हाऊसमध्ये नेऊन थांबवायचा.

संघात चौघी. प्रत्येकीचे दोन दगड, दोन्ही संघ आलटून पालटून टाकतात. असे १६ दगड टाकून झाले की एक ‘एंड’ संपला. मग बटनाच्या सर्वांत जवळ कुणाचा दगड आहे ते बघायचं. गुण फक्त त्याच संघाला, आणि प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळच्या दगडाहूनही आत असलेले त्यांचे जितके दगड तितके गुण. राष्ट्रीय स्पर्धेत असे दहा एंड होतात. बरोबरी झाली तर जादा एंड.

कॅरम खेळलेल्या माणसाला यातली गंमत पटकन कळते. आपली सोंगटी घालवायची असतेच, पण समोरच्याची वाट अडवून ठेवण्यातही तितकंच डोकं लागतं.

३. ताई, त्या बायका बर्फ कशाला झाडतात? तो तर स्वच्छच दिसतो.

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न. कचरा काढणं हा त्यातला अगदी छोटा भाग. मुख्य काम असतं घर्षण कमी करण्याचं. जोर देऊन ब्रश घासला की बर्फाचा वरचा थर किंचित गरम होतो, दगड कमी अडतो, जास्त लांब जातो आणि कमी वळतो. चांगल्या दोन खेळाडू झाडत असतील तर दगड दोन-तीन मीटर पुढे नेऊ शकतात. हाऊसमधल्या जागेचा विचार केला तर हा फरक प्रचंड आहे.

दगड सोडून झाल्यावर तो नियंत्रणात ठेवायचा हाच एक मार्ग. म्हणून पलीकडून कप्तान घसा ताणून ओरडते. ‘हर्री! हार्ड!’ म्हणजे जोर लावून झाडा, ‘व्होआ’ म्हणजे थांबा. झाडणाऱ्या दोघी कप्तानला ओरडून वेग सांगतात, कप्तान त्यांना दिशा सांगते. एकदा आवाज मोठा ठेवून सामना बघा. चौघींचं बोलणं ऐकणं हा निम्मा खेळ आहे.

ब्रशचं कापडही कुठलंही चालत नाही. २०१५ च्या हंगामात काही नव्या कापडांनी दगडाला हवं तसं वळवता येऊ लागलं, खेळाडूंनीच तक्रार केली, आणि पुढच्या वर्षी कापडावर बंधनं आली.

४. बर्फ सपाट असतो ना? मग दगड वळतो कसा?

बर्फ सपाट असतो, पण गुळगुळीत नसतो. सामन्याआधी बर्फ सांभाळणारे लोक पाठीवर पाण्याची टाकी घेऊन मागे मागे चालत जातात आणि झारीतून थेंब शिंपडतात. थेंब पडल्या पडल्या गोठतात आणि पट्टीभर बारीक खडबडीत दाणे तयार होतात. त्याला ‘पेबल’ म्हणतात. दगडाचा तळ खोलगट असतो, त्यामुळे फक्त एक अरुंद गोल कड या दाण्यांवर टेकते. हे दाणे नसते तर दगड अर्ध्या वाटेत अडकून बसला असता.

सोडताना मुठीला हलका पीळ देतात. तेवढ्याने पूर्ण प्रवासात दगड जेमतेम दोन-तीन गिरक्या घेतो. आणि तो वळतो पुढची बाजू ज्या दिशेला फिरते त्याच दिशेला. टेबलावर पालथा ग्लास फिरवून सरकवून बघा, तो बरोबर उलट दिशेला जाईल. दगड असा का वागतो यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी मांडलं की दगडाची पुढची कड दाण्यांवर बारीक ओरखडे काढते आणि मागची कड त्या ओरखड्यांच्या मागे ओढली जाते. यावरही वाद आहेच. खेळाडूंना कारण माहीत नसलं तरी चालतं, किती वळेल ते माहीत असावं लागतं, आणि सामना पुढे सरकतो तसा दाणा झिजतो व तेही बदलत जातं.

५. ‘हॅमर’ हा शब्द सारखा ऐकू येतो. तो एवढा महत्त्वाचा का?

एंडमधला शेवटचा, म्हणजे सोळावा दगड टाकण्याचा हक्क म्हणजे हॅमर. तुमच्यानंतर कुणी काही बदलू शकत नाही, म्हणून हा हक्क ज्याच्याकडे तो संघ वरचढ.

आता नियम असा की जो संघ गुण घेतो त्याच्याकडून पुढच्या एंडचा हॅमर जातो. एंडमध्ये कुणालाच गुण मिळाला नाही तर हॅमर ज्याच्याकडे होता त्याच्याकडेच राहतो. सगळं डावपेचांचं शास्त्र या दोन वाक्यांतून निघतं. हॅमर असताना एकच गुण मिळत असेल तर चांगला संघ कित्येकदा तो घेतच नाही. शेवटचा दगड मुद्दाम हाऊसच्या पार नेतो, एंड कोरा ठेवतो आणि हॅमर राखून पुढच्या वेळी दोन किंवा तीन गुणांची वाट बघतो. नवीन बघणारे म्हणतात, ‘अरे, हुकला!’ तो हुकलेला नसतो. हॅमर असलेल्याला दोन हवे असतात, नसलेल्याला समोरच्याला एकावर अडवायचं असतं. आणि हॅमर नसताना गुण मिळाला तर त्याला ‘स्टील’ म्हणतात. सामने बहुतेक वेळा स्टीलवरच फिरतात.

शेवटच्या दगडाची ताकद बघायची असेल तर २००५ ची अंतिम लढत शोधून बघा. न्यूफाउंडलंडमधलं सेंट जॉन्स शहर, मॅनिटोबाची जेनिफर जोन्स विरुद्ध ओंटारिओची जेन हॅना. दहावा एंड, जोन्स ६–४ ने मागे, हातात फक्त हॅमर. हॅनाचा दगड मध्यावर, दुसऱ्या दगडाच्या आडोशामागे, सरळ जायला वाट नाही. बाजूला, हाऊसच्या बाहेर, ओंटारिओचाच एक दगड पडलेला. जोन्सने जोराने दगड सोडला, तो त्या बाहेरच्या दगडावर आदळला, तिरका होऊन आत घुसला आणि मध्यावरचा दगड त्याने उडवला. एका दगडात चार गुण, ८–६. इतक्या वर्षांनीही कॅनडात ‘द शॉट’ एवढंच म्हटलं की लोकांना कळतं.

६. मग पहिल्या एंडचा हॅमर कसा ठरतो? नाणेफेक?

मोठ्या स्पर्धांत सहसा नाही. सामन्याआधी प्रत्येक संघाच्या दोन खेळाडू एकेक दगड मध्यावर टाकतात, एक घड्याळाच्या दिशेने फिरवून, एक उलटा. दोन्ही दगडांचं मध्यापासूनचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजून बेरीज करतात. जिची बेरीज कमी तिचा हॅमर. हे आकडे जपून ठेवले जातात, कारण गटात बरोबरी झाली तर पुन्हा उपयोगी पडतात (प्रश्न ९).

७. दगड कसला असतो? आपल्या ओट्याच्या ग्रॅनाइटचा चालेल का?

ग्रॅनाइटचाच, पण कुठलाही नाही. वजन साधारण १७ ते २० किलो. ओट्याच्या ग्रॅनाइटमध्ये पाणी मुरतं, ते गोठतं, आणि आपटून आपटून टवके उडतात. स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ आयल्सा क्रेग नावाचं निर्मनुष्य बेट आहे. तिथला ग्रॅनाइट इतका घट्ट आहे की शतकानुशतकं उत्तम दगड तिथूनच येतात. वेल्समधल्या ट्रेफोर खाणीचाही वापरतात. हिवाळी ऑलिंपिकचे दगड स्कॉटलंडमधल्या मॉकलिन गावच्या केज या कारखान्यात घडतात. खेळाडू स्वतःचे दगड आणत नाहीत, ते आयोजक देतात. स्वतःचा असतो तो ब्रश आणि बूट.

८. राष्ट्रीय स्पर्धेत ‘टीम कॅनडा’ नावाचा संघ कसा काय? सगळ्या कॅनडाच्याच ना?

आधीच्या वर्षीचा विजेता संघ. १९८५ पासून विजेत्यांना पुढच्या वर्षी प्रांतातून पुन्हा पात्र ठरावं लागत नाही, त्या थेट ‘टीम कॅनडा’ म्हणून परत येतात.

बाकी संघ प्रांतांचे. दहा प्रांत, उत्तर ओंटारिओचा वेगळा संघ, आणि युकॉन, नॉर्थवेस्ट टेरिटरीज, नुनावुत हे तीन उत्तरेकडचे प्रदेश. वर राष्ट्रीय क्रमवारीतून थेट प्रवेश मिळालेले संघ. २०२१ पासून एकूण १८. नऊ-नऊचे दोन गट आणि प्रत्येक संघाला गटातले आठ सामने.

मला या रचनेचं मनापासून कौतुक आहे. ओंटारिओची वस्ती दीड कोटीच्या आसपास, नुनावुतची जेमतेम चाळीस हजारांच्या घरात. तरी नुनावुतच्या बायका त्याच बर्फावर, तेवढेच सामने खेळतात. त्या बऱ्याचदा मोठ्या फरकाने हरतात, आणि ‘त्यांना कशाला बोलवायचं’ हा सूर कॅनडातही अधूनमधून लागतो. माझं मत स्पष्ट आहे: ज्या स्पर्धेला राष्ट्रीय म्हणायचं तिच्यात सगळा देश दिसलाच पाहिजे.

९. बाद फेरी कशी असते?

आयपीएल बघत असाल तर तुम्हाला येतेच. २०११ पासून आयपीएलमध्ये जी पद्धत आहे तीच, तिला ‘पेज’ पद्धत म्हणतात. पहिला विरुद्ध दुसरा यांतला विजेता थेट अंतिम फेरीत, हरणाऱ्याला आणखी एक संधी. तिसरा विरुद्ध चौथा यांत हरणारा घरी. स्कॉटीजमध्ये आधी प्रत्येक गटातून तीन संघ पुढे येतात आणि त्यांच्यातून हे चार ठरतात. गटात बरोबरी झाली तर आता वेगळा सामना खेळवत नाहीत. आपसातल्या सामन्याचा निकाल बघतात, त्यानेही सुटलं नाही तर प्रश्न ६ मधल्या अंतरांची बेरीज.

१०. कोणाकोणाची नावं माहीत असावीत?

कॉलीन जोन्स, नोव्हा स्कोशिया. १९८२ मध्ये २२ व्या वर्षी कप्तान म्हणून जिंकली, मग १७ वर्षं थांबली, १९९९ मध्ये पुन्हा, आणि २००१ ते २००४ सलग चार. एकूण सहा. यांतली बहुतेक वर्षं ती टीव्हीवर बातमीदार म्हणून नोकरीही करत होती.

जेनिफर जोन्स (दोघींचं नातं नाही). तिचीही सहा विजेतेपदं, शिवाय २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये एकही सामना न हरता सुवर्ण. महिलांमध्ये असं आधी कुणी केलं नव्हतं. तिची शेवटची स्कॉटीज २०२४ ची, अंतिम सामन्यात रेचल होमनकडून ४–५ असा निसटता पराभव.

केरी आयनरसन, २०२० ते २०२३ सलग चार. आणि रेचल होमन: २०१३, २०१४, २०१७, २०२४, २०२५. थंडर बेच्या अंतिम सामन्यात तिने आयनरसनला ६–१ असं हरवलं आणि पुढच्या महिन्यात जागतिक स्पर्धाही जिंकली. सध्याच्या खेळाडूंपैकी एकीलाच बघायला वेळ असेल तर होमन बघा. अवघड दगड इतक्या जोराने आणि इतक्या अचूक उडवणारी दुसरी मला दिसत नाही.

एक नाव मी मुद्दाम वेगळं ठेवलं आहे, पुढचा प्रश्न बघा.

११. सामन्यांच्या मध्येच नवजात बाळांसाठी देणग्या का मागतात?

ते सँड्रा श्मिरलरच्या नावाने चालणारं काम आहे. ती रेजायनाची. यान बेटकर, जोन मकस्कर आणि मार्शिया गुडरेट यांच्यासह तिने १९९३, १९९४ आणि १९९७ मध्ये राष्ट्रीय आणि त्याच तिन्ही वर्षी जागतिक विजेतेपद मिळवलं. १९९८ मध्ये नागानोला कर्लिंगला पहिल्यांदा पदकाचा पूर्ण दर्जा मिळालेल्या महिला स्पर्धेत सुवर्णही त्यांचंच. नागानोसाठीची निवड चाचणी ती पहिल्या बाळंतपणानंतर काही आठवड्यांतच खेळली होती. दुसरी मुलगी झाल्यानंतर कर्करोगाचं निदान झालं आणि मार्च २००० मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी ती गेली.

तिच्या नावाची संस्था कॅनडाभरच्या रुग्णालयांतल्या नवजात अतिदक्षता विभागांना यंत्रसामग्री देते आणि स्कॉटीजच्या दिवसांत टीव्हीवरून देणग्या गोळा करते. बाद फेरीतल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कारही तिच्या नावाचा आहे. रेजायनात तुमची मुलं असतील तर त्यांच्या शेजाऱ्यांना सँड्राबद्दल विचारायला सांगा. लोक तिच्याविषयी घरच्या माणसासारखं बोलतात.

असाच आणखी एक पुरस्कार मार्ज मिचेलच्या नावाचा, खिलाडूवृत्तीसाठी. तीही सस्कॅचेवानची. १९८० मध्ये जागतिक विजेतेपद मिळवणारी पहिली कॅनेडियन महिला कप्तान, आणि तीही कर्करोगाने तरुणपणीच गेली. या पुरस्काराची निवड खेळाडू स्वतः मत देऊन करतात.

१२. खेळाडू गरोदर असताना खेळतात असं सून म्हणते. खरं का?

खरं. २०२१ ची स्कॉटीज करोनामुळे कॅलगरीत, प्रेक्षकांशिवाय झाली. रेचल होमन तेव्हा आठव्या महिन्यात होती, आणि ती अंतिम सामन्यापर्यंत पोचली. त्याआधी २०१० च्या व्हँकूवर ऑलिंपिकमध्ये कॅनडाची राखीव खेळाडू क्रिस्टी मूर साडेपाच महिन्यांची गरोदर होती.

दगड उचलायचा नसतो, तो बर्फावरच राहतो, घसरवायचा असतो. ओझं पडतं ते झाडताना, आणि शेवटचे दगड टाकणारीला झाडावं फार कमी लागतं. तरी हे वाचून कुणी घरातल्या गरोदर मुलीला बर्फावर पाठवू नका. होमन लहानपणापासून रोज त्या घसरणीवर वाढलेली आहे. बाकीच्यांनी डॉक्टरांचंच ऐकावं.

१३. हा खेळ फार संथ नाही का? कोण बघतं?

संथ दिसतो, कारण आपण दगडाकडेच बघतो. प्रत्येक संघाला दहा एंडांसाठी विचार करायला ३८ मिनिटं मिळतात, आणि शेवटच्या दोन एंडांत ते घड्याळ संघांना अक्षरशः पळवतं. सामना साधारण अडीच ते तीन तास चालतो.

कोण बघतं म्हणाल, तर ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या होळकर स्टेडियमवर महिला विश्वचषकात भारत इंग्लंडकडून चार धावांनी हरला, ती शेवटची षटकं आठवा. किती घरांत तेव्हा जेवण अडलं होतं! तिकडे फेब्रुवारीत तसंच होतं.

१४. इंदूरमधून बघायचं तर किती वाजता?

स्पर्धा कुठल्या शहरात आहे त्यावर. फेब्रुवारीत थंडर बे, ओटावा, टोरांटो आपल्या साडेदहा तास मागे असतात. तिथली सकाळी ९ ची लढत आपल्याकडे संध्याकाळी साडेसात, दुपारी २ ची रात्री साडेबारा, संध्याकाळी ७ ची पहाटे साडेपाच. कॅलगरी साडेबारा तास मागे, रेजायना साडेअकरा, नोव्हा स्कोशिया साडेनऊ, सेंट जॉन्स बरोबर नऊ तास. नोकरी करणाऱ्यांनी पहाटेची लढत धरावी, पोहे होईपर्यंत पाच-सहा एंड बघून होतात. कॅनडात प्रक्षेपण टीएसएन वाहिनीवर असतं. जुन्या लढतींचे निवडक भाग यूट्यूबवर पुष्कळ आहेत.

१५. मुलीकडे जाणार आहे, ती क्लबात खेळायला नेणार म्हणते. मी ५८ वर्षांची. काय लक्षात ठेवू?

जरूर जा. ऑक्टोबर ते मार्च हा हंगाम, नवशिक्यांसाठी वेगळे वर्ग असतात, ब्रश क्लबच देतो. साडी नको, सैल पँट आणि एकावर एक गरम कपडे. बूट स्वच्छ आणि कोरडे हवेत, रस्त्यावरच्या बुटांनी बर्फावर पाय ठेवायचा नाही, खड्याचा एक कणही दगडाची वाट बिघडवतो. पहिल्या दिवशी डोक्याला हेल्मेट मागून घ्या, संकोच करू नका.

गुडघे दुखत असतील तर बसून टाकायची गरज नाही. दगडाच्या मुठीत अडकवायची लांब काठी मिळते, तिने उभ्याने चालत टाकता येतो. ज्येष्ठ मंडळी सर्रास तसंच खेळतात.

खेळाआधी आणि खेळ संपल्यावर सगळ्यांशी हात मिळवायचा. नंतर दोन्ही संघ एका टेबलाशी बसतात आणि जिंकलेले हरलेल्यांना पेय पाजतात. घेत नसाल तर चहा-कॉफी सांगा, कुणी वावगं मानत नाही. पण बसल्याशिवाय उठून जाऊ नका, ते मात्र त्यांना लागतं.

१६. इंदूरमध्ये खेळता येईल का?

कर्लिंगला लागतो तसा, दाणा टाकलेला सपाट बर्फ आपल्याकडे नाही. मॉलमधल्या स्नो पार्कचा यासाठी उपयोग नाही. पण कॅनडातल्या शाळांत मुलांना जमिनीवरचं कर्लिंग शिकवतात: खाली चाकं किंवा गोळ्या लावलेले हलके दगड, जमिनीवर पसरायची वर्तुळाची चटई. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये हे उत्तम जमतं. झाडणं नसतं, पण हॅमर, आडोसा, स्टील सगळं असतं. महिला मंडळांनी आणि शाळांनी असा एखादा संच आणावा असं मी भेटेल त्याला सांगत असते.

१७. कप्तान म्हणजे ‘स्किप’, आणि शेवटचे दगड तीच टाकते. बरोबर?

बहुतेक वेळा, पण नियम तसा नाही. स्किप म्हणजे डावपेच ठरवणारी. स्वित्झर्लंडची सिल्वाना तिरिंझोनी स्किप असून तिसऱ्या क्रमांकावर टाकायची आणि शेवटचे दोन दगड अलिना पेट्झ टाकायची. या संघाने २०१९ ते २०२३ या काळात झालेल्या चारही जागतिक स्पर्धा जिंकल्या (२०२० ची करोनामुळे झालीच नाही).

१८. एकीने समोरचा दगड व्यवस्थित उडवला, तरी तो उचलून परत जागेवर ठेवला. का?

पाच दगडांचा नियम. हॉग लाइन (दोन्ही टोकांना हाऊसच्या अलीकडे आखलेली आडवी रेष) आणि हाऊसच्या मधून जाणारी आडवी रेष यांच्या दरम्यानची, पण वर्तुळाबाहेरची जागा संरक्षित असते. एंडचे पहिले पाच दगड टाकले जाईपर्यंत तिथला प्रतिस्पर्ध्याचा दगड खेळाबाहेर घालवता येत नाही. घालवला तर तो परत ठेवतात आणि टाकलेला दगडच काढून घेतात. सहाव्या दगडापासून मोकळीक. पूर्वी ही मर्यादा चार दगडांची होती, २०१८ च्या हंगामापासून पाच झाली. कारण सरळ आहे: आघाडीवरचा संघ सगळंच उडवत राहिला तर हाऊस रिकामं राहतं आणि मागे पडलेल्याला वर यायला वावच उरत नाही. अलीकडे आणखी एक भर पडली. पट्टीच्या मधून लांबीच्या दिशेने जाणाऱ्या उभ्या रेषेला टेकलेला संरक्षित दगड या काळात हळूच बाजूलाही सरकवता येत नाही.

हाऊसमधल्या दगडाला हे संरक्षण नाही, तो पहिल्यापासून उडवता येतो.

१९. झाडताना ब्रश दगडाला लागला तर?

दगड ‘जळला’ म्हणतात. ज्या संघाकडून लागला त्याने स्वतःहून लगेच सांगायचं, हीच या खेळाची रीत. पंच असतात, पण खेळाडू त्यांची वाट बघत नाहीत. पलीकडच्या हॉग लाइनआधी स्वतःच्या चालत्या दगडाला स्पर्श झाला तर तो तिथेच उचलतात. रेषेच्या आत झाला तर सगळे दगड थांबू देतात आणि समोरची स्किप ठरवते, दगड काढायचा, तसाच ठेवायचा की स्पर्श झाला नसता तर जिथे गेला असता तिथे मांडायचा. कित्येकदा ती ‘राहू द्या’ म्हणते.

२०. रेषेवर थांबलेला दगड आत की बाहेर?

रेषेगणिक उत्तर बदलतं. हॉग लाइन पूर्ण ओलांडली पाहिजे, तिला टेकून थांबला तर बाद (वाटेत खेळात असलेल्या दुसऱ्या दगडावर आपटला असेल तर मात्र राहतो). मागच्या रेषेला टेकलेला दगड खेळात असतो, पूर्ण पलीकडे गेला तरच बाद. आणि बाहेरच्या वर्तुळाला कडेने नुसता स्पर्श असला तरी तो गुणासाठी धरतात. डोळ्यांनी ठरत नसेल तर एंड संपल्यावर मधोमध टेकवून फिरवायचं मोजमापाचं साधन आणतात.

दगड सोडतानाही अलीकडच्या हॉग लाइनआधी हात सुटला पाहिजे. मोठ्या स्पर्धांत मुठीत इलेक्ट्रॉनिक यंत्र असतं, हिरवा दिवा ठीक, लाल लागला की दगड बाद.

२१. आठव्या एंडनंतरच हात मिळवून निघाल्या. सामना अर्धवट सोडला का?

नाही, हार मान्य केली. उरलेल्या दगडांत जिंकणं अशक्य दिसलं की टोप्या-हातमोजे काढून हात पुढे करणं हा समोरच्यांचा मान राखणं समजलं जातं. राष्ट्रीय स्पर्धेत अगदी सुरुवातीला तसं करता येत नाही, काही एंड खेळावेच लागतात. उलट जिंकणं गणितानेच अशक्य झालं की थांबावंच लागतं.

२२. मिश्र दुहेरीतही हॅमर असाच चालतो?

नाही. तिथे एंड कोरा गेला तर हॅमर समोरच्याकडे जातो. त्यामुळे प्रश्न ५ मधला, मुद्दाम दगड पार नेण्याचा डाव तिथे उलटतो. शिवाय संघात दोघंच, पाचच दगड टाकायचे आणि प्रत्येक संघाचा एक दगड आधीच मांडलेला असतो.

२३. क्लबातला धावफलक मला उलटाच वाटतो. कसा वाचायचा?

टीव्हीवर वरच्या ओळीत एंड आणि खाली गुण असतात, ते सरळ आहे. क्लबातल्या लाकडी फळ्यावर मात्र मधल्या ओळीत छापलेले आकडे हे एकूण गुण असतात, आणि त्यांच्या वर किंवा खाली टांगलेली पाटी एंडचा क्रमांक सांगते. समजा लाल संघाच्या बाजूला ३ या आकड्याशी ‘२’ ची पाटी आहे, तर अर्थ असा की दुसरा एंड संपला तेव्हा लाल संघाचे एकूण गुण तीन झाले. पाटी एकाच संघाच्या बाजूला लागते, ज्याने तो एंड जिंकला त्याच्या. म्हणून सगळ्यात मोठ्या क्रमांकाची पाटी शोधायची, ती ज्याच्या बाजूला आहे त्याने मागचा गुण घेतलेला असतो. त्यानंतरचा एंड कोरा गेलेला नसेल, आणि गेला असेल तरीही, आत्ता हॅमर दुसऱ्या संघाकडे असतो.